उरलेल्या भाकरीचं काय करायचं?

चर्चमध्ये प्रभुभोजन झालं. ताटात भाकरीचे चार तुकडे उरलेत, प्याल्यात थोडा द्राक्षारस आहे. आता त्याचं काय करायचं? अँग्लिकन लोक या भाकरीला काय मानत आले हे समजून घ्यायचं असेल, तर जाडजूड ग्रंथ जरा बाजूला ठेवा आणि एवढं एकच विचारा.

कॅथलिक शिकवण अशी, की याजकाच्या प्रार्थनेने भाकर ख्रिस्ताचं शरीर होते. रंग, चव, वास भाकरीचाच राहतो, पण आतलं तत्त्व बदलतं. (प्रयोगशाळेत तपासून हे खोडता येणार नाही बरं का! तपासता येईल असं काहीच बदलत नाही, हेच तर ती शिकवण सांगते.)

इंग्लंडचे आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांनी हे नाकारलं, पण बेताबेताने. त्यांच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात भाकर देताना याजक ती ख्रिस्ताचं शरीर असल्यासारखं बोलतो. १५५२ च्या पुस्तकात ते शब्द गेले. ख्रिस्ताची आठवण ठेवून खा, असं आलं. आणि उरलेली भाकर? ती पाळकाने स्वतःसाठी न्यावी. म्हणजे सरळ घरच्या जेवणात!

पुढच्याच वर्षी कॅथलिक मेरी राणी झाली. १५५५ मध्ये बिशप रिडली आणि लॅटिमर, १५५६ मध्ये स्वतः क्रॅन्मर, तिघांनाही ऑक्सफर्डमध्ये जिवंत जाळलं. त्यांच्यावरच्या आरोपांत भाकरीचा प्रश्न अगदी वरचा होता.

१५५९ मध्ये, एलिझाबेथच्या काळात, काय केलं? १५४९ चं वाक्य आणि १५५२ चं वाक्य चक्क एकापुढे एक जोडून टाकलं. आधी मला ही पळवाट वाटायची. आता वाटत नाही. माणसं जळताना पाहिलेल्या दोन्ही बाजूंच्या लोकांना एकाच रांगेत गुडघे टेकता यावेत, अशी सोय त्या जोडवाक्यात होती. मात्र तत्त्व बदलतं हे चर्चने अधिकृतपणे नाकारलंच. शरीर मिळतं ते आत्मिक रीतीने, आणि श्रद्धेने, असं एकोणचाळीस कलमांत लिहिलं.

मग १६६२ चं पुस्तक. आता नियम असा: प्रार्थना झालेली भाकर उरली तर ती चर्चबाहेर न्यायची नाही, तिथेच आदराने खाऊन संपवायची. घरी न्यायची ती फक्त प्रार्थना न झालेली. आठवणीपुरतीच असेल, तर एवढी काळजी कशाला? नियमाने उत्तर दिलं नाही, पण वागणं बदललं.

एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्ड चळवळीने हाच धागा ओढला. १८४३ मध्ये एडवर्ड प्युसी यांनी प्रभुभोजनावर प्रवचन दिलं आणि विद्यापीठाने त्यांना दोन वर्षं प्रवचनबंदी केली. पुढे नव्या प्रार्थनापुस्तकात आजाऱ्यांसाठी भाकर राखून ठेवायला परवानगी द्यायचं ठरलं. राखून ठेवली तर लोक तिची पूजा करतील, ही भीती. ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्सने ते पुस्तक १९२७ मध्ये फेटाळलं, आणि दुरुस्त करून आणलं तर १९२८ मध्ये पुन्हा फेटाळलं.