पुण्याचा रकाना नसलेली वही

‘तुमचं बरं आहे बुवा! आठवडाभर हवं ते करा, रविवारी फादरच्या कानात सांगा, की पाटी कोरी.’ ख्रिस्ती मित्राला चिडवायचं ठरलं की हे वाक्य हमखास येतं. वसईच्या किंवा वांद्र्याच्या कॅथलिकाने ते इतक्यांदा ऐकलेलं असतं की तो नुसता हसून सोडून देतो. नगरकडच्या प्रोटेस्टंटाची पंचाईत याहून मोठी. त्याच्या चर्चमध्ये कानात सांगायला फादरच नसतो.

ही थट्टा चटकन पटते, कारण ती आपल्या ओळखीच्या हिशेबात बसते. पाप-पुण्याची एक वही आहे, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे, आणि शेवटी शिल्लक काय उरते त्यावर पुढची गती. ख्रिस्ती माणूस ही वही फादरकडून खोडून घेतो, अशी आपली समजूत. वास्तविक या शिकवणुकीचं वेगळेपण खोडण्यात नाहीच. तिच्या वहीत पुण्याचा रकानाच आखलेला नाही. येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट या बाबतीत भलतीच गैरसोयीची आहे. पहाटे कामाला लागलेल्या मजुराला एक दीनार आणि दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्यालाही एकच दीनार. पहाटेचे मजूर कुरकुरतात, आणि वाचणाऱ्यालाही त्यांचीच बाजू रास्त वाटते. मत्तयाच्या शुभवर्तमानातली ही गोष्ट कोणत्याही रोजंदारीच्या मुकादमाला पटणार नाही. पण देवाकडून मिळतं ते मजुरी म्हणून नव्हे, हेच तिला सांगायचं आहे.

मग पाप म्हणजे काय? नव्या कराराच्या ग्रीक भाषेत त्यासाठी ‘हमार्तिया’ हा शब्द येतो. मूळ अर्थ नेम चुकणं. ॲरिस्टॉटलच्या शोकांतिका-विचारामुळे नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो परिचयाचा असतो. जुन्या करारातल्या हिब्रू शब्दाची कुळकथाही तीच. ‘शास्ते’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात सातशे डावखुऱ्या गोफणधाऱ्यांचं वर्णन आहे. केसावर नेम धरला तरी त्यांचा दगड चुकत नसे. तिथे ‘चुकणे’साठी जे क्रियापद आहे, तेच इतरत्र ‘पाप करणे’ या अर्थाने येतं. म्हणजे पाप ही आधी दिशा हुकण्याची गोष्ट आहे. माणसाचा रोख देवाकडून ढळला, आणि चोरी, खोटेपणा, लोभ ही त्या ढळण्याची फळं. आज्ञांची यादी आहेच, पण ती नंतरची.

फळावरून आठवलं, ते सफरचंद. बायबलमध्ये ते नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात बऱ्यावाइटाचं ज्ञान देणाऱ्या झाडाचं फळ एवढंच म्हटलं आहे. लॅटिनमध्ये ‘मालुम’ म्हणजे सफरचंद आणि त्याच अक्षरांचा, केवळ ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाचा, दुसरा शब्द म्हणजे वाईट. चित्रकारांना हा श्लेष सोयीचा वाटला असावा. मायकेलअँजेलोने मात्र सिस्टाइन चॅपेलच्या छतावर अंजिराचं झाड रंगवलं.

त्याहून मोठा गैरसमज असा, की आदाम-हव्वेचं पाप म्हणजे शरीरसंबंध. उत्पत्तीचं पुस्तक उघडलं तरी हा निकालात निघतो. मुलंबाळं होऊन पृथ्वी भरून टाका, हा आशीर्वाद पहिल्या अध्यायात आहे, आणि फळाचा प्रसंग तिसऱ्यात. गोष्टीतलं पाप आज्ञाभंगाचं आहे, आणि त्यामागे देवासारखं होण्याची हाव आहे.

‘मूळ पाप’ या शब्दाने जास्त गोंधळ घातला. नवजात अर्भकाला ख्रिस्ती लोक गुन्हेगार मानतात, असं अनेकांना वाटतं. यात संत ऑगस्टीनचा हात आहे. आजच्या अल्जीरियातल्या हिप्पो शहराचा हा बिशप, इ. स. ३५४ ते ४३० या काळातला. त्याचा वाद होता ब्रिटनमधून आलेल्या पेलाजियस नावाच्या तपस्व्याशी. माणसाने मनावर घेतलं तर तो स्वतःच्या बळावर निष्पाप जगू शकतो, हे पेलाजियसचं म्हणणं. ऑगस्टीनला ते माणसाच्या स्वभावाकडे डोळेझाक करणारं वाटलं. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचं मत फेटाळलं. पण ऑगस्टीनची ग्रीक भाषा कच्ची होती. पौलाच्या रोमकरांस पत्रातलं एक वचन त्याने लॅटिन भाषांतरातून वाचलं. ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा मुळाचा रोख होता, तिथे लॅटिनमधून ‘ज्याच्यात सर्वांनी पाप केलं’ असा अर्थ निघत होता. सगळी मानवजात आदामात सामील होती आणि दोषी ठरली, या मताला त्यातून आधार मिळाला.

ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने हे कधी मानलं नाही. आदामाकडून मृत्यू आणि दुबळेपणा वारशाने येतो, अपराध येत नाही, ही त्यांची भूमिका. कॅथलिक शिकवणही आज स्पष्ट सांगते, की मूळ पाप हा त्या बाळाचा वैयक्तिक दोष नव्हे, ती सगळ्यांच्या वाट्याला आलेली अवस्था आहे. बापाने करून ठेवलेलं कर्ज आणि बापाकडून आलेला मधुमेह यांत जो फरक आहे, तसाच हा. अर्भकाच्या बाबतीत चर्चचा रोख मधुमेहाकडे आहे. ऑगस्टीनला मात्र कर्जही मान्य होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता पैशाचा विषय. चर्च पैसे घेऊन पापं माफ करत असे, हे शाळेच्या इतिहासातून आपण सगळेच शिकलो. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. विकली जात होती ती ‘इंडल्जन्स’, म्हणजे पापाची क्षमा मिळाल्यावरही जी ऐहिक शिक्षा भोगायची उरते तिच्यातली सूट. क्षमा स्वतः विकायला नव्हती. कागदावर हा भेद स्पष्ट होता. बाजारात तो कोणाला कळणार? ख्रिस्ताच्या आणि संतांच्या सत्कर्मांचा एक साठा चर्चपाशी आहे, असं पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४३ मध्ये अधिकृतपणे मांडलं होतं. ज्या वहीत पुण्याचा रकाना नव्हता, तिच्यात तो असा मागच्या दाराने आला. पुढे माइन्झच्या आर्चबिशपने आपल्या पदासाठी आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून कर्ज काढलं. ते फेडायला जर्मनीत इंडल्जन्सची विक्री सुरू झाली. निम्मी रक्कम रोमच्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला आणि निम्मी सावकाराला, असा तो व्यवहार. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने पंच्याण्णव कलमं मांडली ती याच विक्रीविरुद्ध. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये या प्रकारातल्या नफेखोरीवर बंदी घातली, आणि १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशाशी जोडलेल्या सगळ्या इंडल्जन्स रद्द केल्या. इंडल्जन्स ही कल्पना आजही आहे. २०२५ च्या ज्युबिली वर्षात रोमला गेलेल्या यात्रेकरूंना ती मिळत होती, विनामूल्य.

ल्यूथरमुळे दुसराही एक समज रूढ झाला. प्रोटेस्टंट म्हणतात श्रद्धेने तारण, कॅथलिक म्हणतात सत्कर्मांनी, म्हणून भांडण. चारशे-पाचशे वर्षं ते चाललंही. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणूस देवाच्या कृपेनेच स्वीकारला जातो, स्वतःच्या लायकीने नव्हे, आणि सत्कर्मं त्या कृपेमागून येतात, याबाबत दोघांत मूलभूत एकमत असल्याचं तिच्यात नोंदवलं आहे. २००६ मध्ये मेथडिस्टही तिच्यात सामील झाले. सह्या झाल्या त्या आउग्सबुर्गमध्ये, फुगर सावकारांच्या गावात.

मराठीत या सगळ्यासाठी ‘तारण’ हा शब्द रुळला, आणि तो फार नामी आहे. पतपेढीच्या पाटीवर ‘सोने तारण कर्ज’, चर्चच्या भिंतीवर ‘येशू तारणारा’. एकात गहाण, दुसऱ्यात पार नेणं. योगायोग असा, की मार्काच्या शुभवर्तमानात येशूच्या मरणासाठी आलेला एक ग्रीक शब्द गुलाम किंवा कैदी सोडवायला भरलेल्या रकमेचा आहे. मोक्षाशी मात्र तारणाची गल्लत होते. इंग्लंडमधून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त, सुमारे अकरा हजार ओव्यांत, स्वर्गाला ‘वैकुंठ’च म्हटलं. वाचकाला आपलं वाटावं म्हणून ते ठीकच होतं. तरी ख्रिस्ती श्रद्धेत जन्ममरणाचा फेरा नाही, त्यामुळे त्यातून सुटकाही नाही. चौथ्या शतकातल्या नायसीन मतांगीकारात शेवटी अपेक्षा आहे ती मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची, शरीरासकट.

बाप्तिस्मा झाला की तारण झालं, हाही समज तपासायला हवा. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ साली लिहिलेल्या इंग्रजी साक्षीत त्यांनी कबूल केलं, की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी सुमारे आठ वर्षं गेली. ज्या बाईने पुढे हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, तिची ही नोंद आहे.

आणि ख्रिस्ती नसलेले सगळे नरकात? एकेकाळी चर्चने जवळजवळ असंच म्हटलं. १४४२ चा फ्लोरेन्सच्या धर्मसभेचा मजकूर कठोर आहे. पण विसाव्या शतकात हेच मत हट्टाने रेटणाऱ्या लिओनार्ड फीनी या बॉस्टनच्या धर्मगुरूविरुद्ध रोमने १९४९ मध्ये लेखी खुलासा केला. रोमला हजर व्हायला नकार दिल्यावर १९५३ मध्ये त्यांना बहिष्कृतही केलं. ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त कळला नाही, पण जे विवेकाला धरून देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये लिहून ठेवलं. अनेक इव्हँजेलिकल मंडळ्यांना हे मान्य नाही. सगळे ख्रिस्ती एकाच सुरात बोलतात, हाच मुळात मोठा गैरसमज म्हणायचा.

राहिली ती कोरी पाटी. गोव्यात कन्फेशनला ‘कुमसार’ म्हणतात. ते दर रविवारी करायचा नियम कुठेच नाही. १२१५ च्या लॅटरन परिषदेने किमान वर्षातून एकदा सांगितलं, आणि तो नियम आजही आहे. फादर पैसे घेत नाही आणि ऐकलेलं कोणालाही, न्यायालयालाही, सांगू शकत नाही. पण पुन्हा तेच करायचं मनात ठेवून आलेल्याची कबुली चर्चच्या लेखी निष्फळ. मनापासून खेद, उघड कबुली आणि केल्याची भरपाई या तिन्ही गोष्टी लागतात. चोरलेलं परत करावं लागतं. लूकच्या शुभवर्तमानातला यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय येशूला घरी घेऊन गेला, तेव्हा अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत द्यायला तयार झाला होता. प्रोटेस्टंट थेट देवापाशी कबुली देतात, पण परतफेडीतून सुटका त्यांनाही नाही.

क्षमा म्हणजे शिक्षामाफी नव्हे, याचं ठळक उदाहरण रोममध्ये घडलं. मेहमेत अली अग्जाने १३ मे १९८१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी पोपनी रुग्णालयातूनच त्याला जाहीर क्षमा केली, आणि डिसेंबर १९८३ मध्ये त्याच्या कोठडीत जाऊन त्याला भेटले. जन्मठेप तशीच चालू राहिली. इटलीने त्याला सोडलं ते २००० साली, तेही तुर्कस्तानच्या ताब्यात, कारण तिथे एका संपादकाच्या खुनाची शिक्षा बाकी होती. तुरुंगातून तो कायमचा बाहेर आला जानेवारी २०१० मध्ये. त्याला क्षमा करणारे पोप २००५ मध्येच वारले होते.