जाळी कुठे बारीक करावी?

जठारपेठेतल्या वर्गात आपण आलेख कागदावर वर्तुळ काढून चौकोन मोजतो. चूक राहते कडेला. म्हणून कडेचेच चौकोन आणखी लहान पाडतो. ‘फायनाईट एलिमेंट’ पद्धतीतही धरणाच्या छेदाचे असेच तुकडे पाडून संगणकाने ताण काढतात.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंच कोयना धरणाला तडे गेले, ते जलाशयाविरुद्ध बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या उंचीजवळ. ताण तिथे एकवटतो. तिथली जाळी मोठी ठेवली, तर तो सरासरीत लपतो. सगळीकडे बारीक केली, तर गणित उगाच फुगते. म्हणून मोक्याच्या जागीच ती बारीक करावी व उत्तर बदलते का पाहावे. बदलत असेल, तर पहिल्या उत्तरावर विसंबू नये.