रूथ डॅरो यांचा तर्क

ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन फेब्रुवारी २०२५ मध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी गेले. त्यांनी १,१७३ वेळा रक्त किंवा प्लाझ्मा दिला होता. त्यातून बनलेल्या अँटी-डी इंजेक्शनांनी चोवीस लाख बाळं वाचवली, असं बातम्यांत आलं. हा आकडा जरा जपूनच घ्यावा. आई ऱ्हीसस-निगेटिव्ह आणि बाळ ऱ्हीसस-पॉझिटिव्ह असलं, तरी इंजेक्शनाविनाही साधारण सहा जणींपैकी एकीच्याच रक्तात बाळाला घातक प्रतिपिंडं तयार होत. हॅरिसन यांचं दातृत्व त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

या कथेतलं एक नाव मात्र बातम्यांत सहसा येत नाही: शिकागोच्या पॅथॉलॉजिस्ट रूथ डॅरो.

ही इंजेक्शनं ज्या आजारापासून बाळांना वाचवतात, त्याच आजाराने त्यांचं स्वतःचं बाळ हिरावलं होतं. पहिलं मूल धडधाकट, पुढचं काविळीने पिवळंधमक, त्यापुढचं अंगभर सुजून मृतच जन्मलेलं, असं कित्येक घरांत घडे. दोष जर जन्मजात, तर पहिलं मूल कसं सुटतं? आणि प्रत्येक खेपेला आजार का बळावतो? डॅरो यांनी १९३८ मध्ये उत्तर मांडलं: बाळाच्या रक्तातलं काहीतरी आईच्या शरीराला परकं वाटतं, ती त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते आणि ती वारेतून बाळापर्यंत पोचून त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. ते 'काहीतरी' म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, हा त्यांचा अंदाज चुकला. बाकी सगळी साखळी बिनचूक होती. तीही खरं कारण असलेल्या ऱ्हीसस घटकाचा पत्ता लागण्याआधी!

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेटसन यांनी पुरावा मांडला. मृत बाळ जन्मलेल्या एका बाईला नवऱ्याचं, त्याच गटाचं रक्त दिलं, तर तिला जबर त्रास झाला. तिच्या रक्तातली प्रतिपिंडं नवऱ्याच्या पेशींवरच्या एका घटकावर तुटून पडत होती. बाळाने वडिलांकडून तोच घटक घेतला असणार, हे लेव्हिन यांनी ओळखलं.

उपाय निघाला तो काट्याने काटा काढून. लिव्हरपूलमध्ये रोनाल्ड फिन आणि सिरिल क्लार्क, तर न्यूयॉर्कमध्ये फ्रेडा, गॉर्मन आणि पोलॅक एकाच दिशेने निघाले: तीच प्रतिपिंडं आईला बाहेरून द्यायची, म्हणजे तिच्या रक्तात शिरलेल्या बाळाच्या पेशी तिथेच निकालात निघतात आणि तिचं शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवायला लागतच नाही. १९६८ मध्ये हे अँटी-डी इंजेक्शन बाजारात आलं.

भारतात शंभरात पाचेक जण निगेटिव्ह असतात. अशा गरोदर बाईला अठ्ठाविसाव्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत, अँटी-डी देतात. गर्भ पडल्यावरही डॉक्टरांना त्याबद्दल विचारायलाच हवं, कारण बाळाचं रक्त आईत तेव्हाही मिसळू शकतं. प्रतिपिंडं एकदा तयार झाली, की या इंजेक्शनाचा काही उपयोग होत नाही.