जखमेवरचे मुकादम

बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा जेवतं कसं? तोंडाने नाही बरं! त्याचं अन्न आणि ऑक्सिजन नाळेतून येतं. सुमारे 50 सेंटिमीटर लांबीची ही पिळदार दोरी. तिच्यात तीन रक्तवाहिन्या असतात. बाळ जन्मलं की नाळ कापतात. पूर्वी ती वारेसकट सरळ टाकून देत आणि तिच्यातलं अर्धा कप रक्तही वाया जाई.

या रक्तात खजिना होता! त्यातल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, नवं रक्त तयार करू शकतात. 1988 मध्ये पॅरिसला डॉ. एलियान ग्लकमन यांनी हे करून दाखवलं. रक्ताच्या गंभीर आजाराने ग्रासलेल्या पाच वर्षांच्या अमेरिकन मुलाला त्यांनी त्याच्या तान्ह्या बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं. ते गोठवून अमेरिकेहून आणलं होतं. मुलगा बरा झाला!

मग शास्त्रज्ञांना प्रश्न पडला, या रक्ताने जखमाही भरतील का? तुमचा गुडघा फुटला की आधी रक्त गोठतं, मग पांढऱ्या पेशी जंतूंचा फडशा पाडतात. त्यानंतर नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार होतात आणि कडेकडेने नवी कातडी सरकत येते. मधुमेह झालेल्यांच्या पायाला मात्र अनेकदा रक्त कमी पोचतं. म्हणून त्यांच्या जखमा महिनोन्‌महिने चिघळतात.

मधुमेही उंदरांच्या जखमांवर नाळेच्या रक्तातल्या पेशी सोडून पाहिल्या, तर जखमा लवकर भरल्या. गंमत म्हणजे, सोडलेल्या बहुतेक पेशी काही दिवसांतच नाहीशा झाल्या होत्या! मग काम केलं कुणी? उंदराच्याच पेशींनी. बांधकामावरचा मुकादम स्वतः विटा रचत नाही, हाका मारून कामगारांना कामाला लावतो. या पेशीही तशाच. त्या रसायनांचे निरोप धाडतात: ‘इकडे रक्तवाहिनी हवी!’, ‘सूज आवरा!’

यातले काही निरोप इवल्याशा पुड्यांत भरलेले असतात. त्यांना एक्झोसोम म्हणतात. आता पेशी न वापरता नुसत्या या पुड्याच जखमेवर लावता येतील का, याचे प्रयोग चालू आहेत. माणसांसाठीचं हे औषध अजून तपासणीतच आहे, दुकानात मिळत नाही.

तेव्हा गुडघा फुटला तर साबण-पाण्याने धुवा आणि खपली मुळीच खरवडू नका. तिच्याखाली तुमचेच कामगार राबत असतात!