अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका

घरातलं कुणी विचित्र वागायला लागलं की आपल्याकडे पहिलं निदान शेजारच्या काकू करतात: ‘बाहेरचं काहीतरी दिसतंय, एकदा दाखवून घ्या.’ कुणाला दाखवायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही. दवाखान्याची पाळी येते ती उतारे, गंडेदोरे आणि तीन-चार अमावास्या उलटून गेल्यावर. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, मानसिक आजार असलेल्यांपैकी 70 ते 92 टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. आकडा आजाराप्रमाणे बदलतो. याचं खापर एकट्या देवऋषावर फोडता येणार नाही, तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ असतो कुठे? पण देवधर्म आणि मन यांच्याबद्दलच्या समजुतींचाही त्यात वाटा आहे, आणि चुकीच्या समजुती काही फक्त भाविकांच्याच नसतात.

‘अंगात येतं म्हणजे डोक्यात बिघाड’

हा शिकलेल्यांचा आवडता गैरसमज. नवरात्रात आरती टिपेला पोचते, संबळ घुमतो आणि एखादी बाई घुमू लागते. केस मोकळे, डोळे तारवटलेले, श्वास फुललेला. बाकीच्या बायका तिला हळदीकुंकू लावतात, ओटी भरतात, मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारतात. थोड्या वेळाने ती तांब्याभर पाणी पिते, केस बांधते आणि घरी जाऊन भाकऱ्या थापते. यात आजार शोधायचा कुठे? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणातही अशा अवस्थेला आजार म्हणायला अटी आहेत. ती इच्छेविरुद्ध आलेली असावी, त्या समाजाच्या मान्य धार्मिक प्रथेत बसणारी नसावी, आणि तिच्यामुळे माणसाला त्रास होत असावा किंवा त्याचं रोजचं जगणं अडत असावं.

तेव्हा कधी आणि कुठे, हे बघायचं. देवळात आरतीला वारं येणं निराळं आणि दर दोन दिवसांनी, घरात भांडण झालं की दातखीळ बसून पडणं निराळं. दुसऱ्या बाईला डॉक्टरकडे न्यायला हवं. फिट्स आहेत का ते तपासायला हवं आणि घरात तिच्यावर काय गुदरतंय तेही तिला एकटीला बसवून विचारायला हवं.

व्हिएदा स्कुल्टान्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात राहून जे पाहिलं, ते 1987 मध्ये प्रसिद्ध झालं. वेड लागलेल्या माणसाला घेऊन कुटुंबं तिथे मुक्काम करत. पण घुमायच्या त्या आजारी माणसाला सांभाळायला आलेल्या बायका, कुणाची आई तर कुणाची बायको. ‘याचं दुखणं मला दे’ असं देवाला साकडं घालून त्या ते स्वतःच्या अंगावर घेत. आपल्या घरांत बाईच्या वाट्याला काय काय येतं, त्याचा याहून चोख पुरावा मला ठाऊक नाही. पण अंगात आलेली बाई हीच पेशंट, असं बाहेरून बघून ठरवणारा तिथे साफ चुकला असता.

‘फार पोथ्या वाचल्या, म्हणून डोकं फिरलं’

स्किझोफ्रेनिया जगभरात साधारण 300 माणसांमागे एकाला असतो, देव मानणाऱ्यांत असतो तसा न मानणाऱ्यांतही. आनुवंशिकता, मेंदूची घडण, गांजासारखी व्यसनं, आयुष्यातले आघात अशी त्याची कारणं गुंतागुंतीची आहेत. पारायणाचा त्यांत नंबर नाही. धर्मातून मिळतात ते आजाराचे शब्द आणि चेहरे. तान्या लूरमन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये कॅलिफोर्निया, घानातलं अक्रा आणि चेन्नई इथल्या, कानात आवाज ऐकू येणाऱ्या 20-20 रुग्णांची तुलना मांडली. अमेरिकेतल्या रुग्णांना आवाज मारहाणीचे, हिंसेचे हुकूम देत. अक्रातल्या अनेकांना ते देवाचे वाटत. चेन्नईतल्या बऱ्याच जणांना घरातलंच कुणी बोलतंय, कामं सांगतंय, रागावतंय असं वाटे.

शिवाय घरच्यांचा हिशेब अनेकदा उलटा असतो. झोप उडालेली असते, भीती दाटलेली असते, म्हणून मुलगा रात्र-रात्र जप करत बसतो. घराला आधी दिसतो तो जप, आणि मग जपानेच आजार झाला असं ठरतं.

मग भक्ती आणि भ्रम यांत फरक कसा करायचा? मनोविकारशास्त्राचा एक निकष व्यवहारी आहे: त्या माणसाच्या स्वतःच्या पंथातल्या लोकांना ती गोष्ट पटते का? विठ्ठलाने दर्शन दिलं, असं एखादा वारकरी म्हणाला तर दिंडीत कुणी दचकत नाही. पण समोरच्या मोबाइल टॉवरमधून विठ्ठल फक्त मलाच हुकूम सोडतो आणि जेवणात विष आहे म्हणून बजावतो, असं तो सांगू लागला, तर सगळ्यात आधी शेजारचा माळकरीच चपापतो. माळकऱ्याची ही शंका घरच्यांनी कानाआड करू नये.

पूजेतल्या मंत्रचळाचंही हेच. देवासमोर मनात अभद्र विचार आला म्हणून पूजा पुन्हा पहिल्यापासून, हात पुन्हा धुवायचे, असे तीन-तीन तास. ऑफिस बुडतं, हात सोलवटतात. शास्त्राला इतकं सोवळं नको असतं, हे घरचे गुरुजीच सांगतील. हा ओसीडी, आणि तो औषधांनी व वर्तनोपचाराने बराच आटोक्यात येतो.

‘श्रद्धा पक्की असेल तर डिप्रेशन येत नाही’

2003 मध्ये 147 अभ्यास आणि जवळपास 99,000 माणसं एकत्र घेऊन हे तपासलं गेलं. धार्मिक माणसांत नैराश्याची लक्षणं किंचित कमी आढळली, किंचितच. आणि देव आपल्याला शिक्षा करतोय, त्याने आपल्याला टाकलंय, असं मानणाऱ्यांत ती जास्त होती. तेव्हा अंथरुणातून न उठणाऱ्या सुनेला ‘नामस्मरण कर, सगळं ठीक होईल’ म्हणणं एक वेळ चालेल. ‘पूर्वजन्मीचं पाप आहे’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ.

‘देवळातच बरं होतं’ किंवा ‘देवळात काहीच होत नाही’

तमिळनाडूतल्या एका मंदिरात मुक्कामाला आलेल्या 31 मनोरुग्णांचा अभ्यास 2002 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. औषध नाही, झाडफूक नाही. सरासरी सहा आठवडे राहायचं, देवळाची साधी कामं करायची. लक्षणांच्या मोजपट्टीवरचे गुण जवळजवळ 20 टक्क्यांनी उतरले. अभ्यास लहान, तुलनेला दुसरा गट नाही. पण कुणी हिणवत नाही आणि घरचं माणूस सोबत आहे, एवढ्यानेही फरक पडतो हे त्यातून दिसतं.

त्याच तमिळनाडूत, एरवाडीच्या दर्ग्याभोवती धंदा म्हणून चालवलेल्या आश्रमांपैकी एकात 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली. मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. 28 जण गेले. मनोरुग्णाला साखळीने बांधायला आता 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सक्त मनाई आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा त्याआधीचा. त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाल्यावर त्याचा अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळात तो मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं याला 6 महिने ते 7 वर्षं कैद आहे. हा कायदा देवाच्या विरोधात असल्याची ओरड अजून होते. पण वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना त्यात हात लावलेला नाही, तसं कलमातच लिहिलेलं आहे.

‘डॉक्टरकडे गेलं की देव सोडावा लागतो’

फ्रॉइडने 1907 मध्ये धर्मविधींची तुलना मंत्रचळाशी केली, तेव्हापासून ही भीती रेंगाळते आहे. आजचा कुठलाही शहाणा डॉक्टर माळ काढायला सांगत नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून ‘दवा-दुआ’ उपक्रमात मुजावर दुआ करतात आणि रुग्णाला आवारातल्याच डॉक्टरांकडे पाठवतात.

पण देवदेव चालू असेल तर डॉक्टरला सांगायचं, हे मात्र पाळावं. बायपोलर आजारावर लिथियम घेणाऱ्याने निर्जळी एकादशी किंवा रोजा केला, तर अंगातलं पाणी कमी होऊन औषधाचं रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं: हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. उपास असला तरी पाणी प्यायचं, आणि गोळीच्या वेळा उपासाच्या आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यायच्या. रात्री-अपरात्री विचारायला कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 वर चोवीस तास चालू असते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.