निग्रोधाची सावली

पालि वाङ्मयात ज्यास 'निग्रोध' म्हटले आहे, तोच आपला वड. सांगोल्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. शेळ्यामेंढ्यांना पाला, कोवळ्या पारंबीचे दातवण, भेगाळलेल्या टाचांना चीक, जुलाबावर सालीचा काढा, हे त्याचे उपयोग पूर्वापार चालत आले आहेत. त्याचे लाकूड पाण्यात टिकते, म्हणून ते विहिरीच्या कामी येई. पारंबीचे लाकूड अधिक चिवट, म्हणून त्याचे तंबूचे खांब व जू करीत.

तथापि सावली हाच वडाचा सर्वांत मोठा उपयोग होय. ती कोणाची, हा खरा प्रश्न आहे. गावोगावी वडाला पार बांधला गेला, त्यावर गावाची बैठक भरू लागली आणि अस्पृश्य मानलेल्यांना तेथे बसण्यास मज्जाव झाला. हा भेद वृक्षाने केला नव्हता. तो माणसांनी केला होता.

विनयपिटकातील 'महावग्गा'त याच्या नेमका उलट प्रसंग आहे. संबोधीनंतर तथागत उरुवेला येथे अजपाल निग्रोधाखाली बसले होते. अजपाल म्हणजे शेळ्या राखणारा; गुराख्यांच्या विसाव्याचे ते झाड. तेथे एका गर्विष्ठ ब्राह्मणाने विचारले, की मनुष्य ब्राह्मण कशाने होतो? तथागतांनी उत्तरात जन्माचा उल्लेखही केला नाही. पापाचा त्याग, निरहंकार आणि संयम हीच कसोटी त्यांनी सांगितली.

सम्राट अशोकाने हाच विचार रस्त्यावर आणला. दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात तो सांगतो, की पशू व मनुष्य यांना सावली मिळावी म्हणून आपण मार्गांवर वड लावविले. अशा सोयी पूर्वीच्या राजांनीही केल्या होत्या. आपला हेतू मात्र लोकांनी धम्माचरण करावे हा आहे, असेही तो नमूद करतो.

सांगोल्यावरून जाणाऱ्या रत्नागिरी-सोलापूर महामार्गाच्या रुंदीकरणात मिरज तालुक्यातील भोसे येथील, सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड तोडला जाणार होता. २०२० मध्ये लोकांनी आवाज उठविला आणि वृक्ष राखून रस्त्याची आखणी बदलण्याचे ठरले. पांथस्थाच्या सावलीचे मोल लोक विसरलेले नाहीत, हे यातून दिसते.

वडाची जाड फांदी पावसाळ्यात रोवली तरी ती जगते. विहाराच्या आवारात ती भिंतीपासून पुरेशी दूर लावावी, कारण मुळे बांधकाम फोडतात. पुढे पार बांधावयाचा झाल्यास तो सर्वांसाठी खुला असावा, एवढेच आमचे सांगणे आहे.