निवृत्तिवेतनाचे स्थलांतर व सार्वजनिक भार

कामगार सरकारी निवृत्तिवेतन-योजनेतून बाहेर पडला की सरकारचे भावी देणे घटते आणि तिजोरीची बचत होते, असे सामान्यतः मानले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. ते किती अपुरे आहे, हे ब्रिटनच्या अनुभवावरून स्पष्ट होते.

ब्रिटनमध्ये मिळकतीशी निगडित सरकारी निवृत्तिवेतन-योजना १९७८ साली सुरू झाली. तिचा भावी खर्च पेलणार नाही या भीतीने १९८६ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने ही योजना सोडून वैयक्तिक निवृत्तिवेतन-खाते उघडण्याची मुभा कामगारांना दिली. १९८८ पासून अशी खाती उघडली जाऊ लागली. कामगार व मालक यांच्या राष्ट्रीय विमा वर्गणीपैकी, वेतनाच्या ठरावीक टप्प्यावरील ५.८ टक्के रक्कम या खात्यात वळविली जाई. नव्याने बाहेर पडणाऱ्यांस १९९३ पर्यंत आणखी २ टक्क्यांचे उत्तेजन होते.

राष्ट्रीय विमा निधीत कोणाचीही वर्गणी त्याच्या नावे साठविली जात नाही. आजच्या वर्गणीतून आजच्या वृद्धांचे निवृत्तिवेतन दिले जाते. त्यामुळे वर्गणी वळविल्याने होणारी घट तत्काळ जाणवते. बचत मात्र तो कामगार निवृत्त झाल्यावर, कित्येक वर्षांनी, पदरात पडते. मधली तूट उरलेल्या वर्गणीदारांनी किंवा करदात्यांनी सोसावयाची असते. १९८९ मध्ये बंद केलेले निधीचे सरकारी अर्थसाहाय्य १९९३ मध्ये पुन्हा नव्या रूपात सुरू करावे लागले, ही गोष्ट या संदर्भात सूचक आहे.

प्रश्न केवळ कालांतराचा असता, तर भावी बचतीतून आजचा खर्च भरून निघाला असता. परंतु वर्गणीतील सूट सर्व वयांस सारखीच होती. तरुणाच्या रकमेवर दीर्घकाळ व्याज चढत असल्याने सोडलेल्या हक्कापेक्षा ही सूट त्याला अधिक मोलाची ठरे. प्रौढाच्या बाबतीत उलट घडे. साहजिकच तरुण मोठ्या संख्येने बाहेर पडले आणि ज्यांचे हक्क सरकारला महाग पडत, ते आत राहिले. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने १९९० मध्ये केलेल्या अंदाजानुसार १९९३ पर्यंतची सूट व उत्तेजन यांचा खर्च ९३० कोटी पौंड, तर भावी निवृत्तिवेतनातील बचत अवघी ३४० कोटी पौंड होती. म्हणजे निव्वळ भार ५९० कोटी पौंडांचा!

१९९३ मध्ये सूट ४.८ टक्क्यांवर आणण्यात आली आणि १९९७ पासून ती वयानुसार ठरविण्यात येऊ लागली. वैयक्तिक खात्यांसाठीची ही मुभा २०१२ मध्ये संपुष्टात आली.

तात्पर्य, अशा धोरणाचे मूल्यमापन घटलेल्या देण्यावरून करून भागत नाही. बाहेर कोण पडतो, त्यास सोडलेल्या हक्काहून किती अधिक दिले जाते आणि मधली तूट कोणाच्या माथी येते, हे तीन प्रश्न प्रथम विचारावे लागतात. निवड बाहेर पडणाऱ्याने केली, तरी तिचे मोल मागे राहिलेल्यांनाही द्यावे लागते.